मंगलाष्टकांतली शिंक

श्रीगजाननाला वंदन करून निमोण्याच्या एका विवाहाची हकीकत लिहितो.

शेवंतीच्या हंगामात मला ॲलर्जीच्या शिंका येतात. पूजेत शिंक आली की उजव्या कानाला हात लावून मंत्र पुन्हा म्हणायचा, असा आमचा आचार आहे. देवकाच्या दिवशी माझा संकल्प इतक्यांदा तुटला की वधूची आजी म्हणाली, “गुरुजी, मंगलाष्टकांत शिंकलात तर दुसरं भटजी बघावं लागतील.”

लग्न दोन दिवसांवर होते. मला चैन पडेना. दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी माझा जुना फवारा नाकात मारून दाखवायला सांगितला. मी पूरकासारखा दीर्घ श्वास ओढला.

“आबा, हा प्राणायाम नाही हो! सगळं औषध घशात गेलं. मान किंचित खाली, नळी कानाच्या दिशेला, श्वास हलका. आणि रोज मारायचं.”

मग त्यांनी दोन औषधे एकत्र असलेला नवा फवारा दिला. तो लवकर गुण देतो, असे अलीकडच्या संशोधनात आढळल्याचे त्या म्हणाल्या.

लग्नात नाक हुळहुळत होते, मन धास्तावले होते. पण अष्टके निर्विघ्न झाली. शेवटच्या अक्षता पडल्यावर मात्र जोराची शिंक आली. आजी हसली, “आता खुशाल शिंका, पोरगी सासरची झाली!”

वाचकहो, तुमच्या घरी सर्वांचा श्वास मोकळा राहो आणि शुभकार्ये निर्विघ्न होवोत.