ओकांखालची साफसफाई

ओडेसा लेडफर्डच्या परसातले ओक आणि चर्चची दफनभूमी यांच्यामध्ये तारेचं कुंपण होतं. त्या शनिवारी भलेपणा ते ओलांडून आत आला.

मे महिन्यात कबरींवर फुलं वाहायचा रविवार असतो. त्याआधी दफनभूमी खरवडून काढायची, गवताचं पातं दिसता कामा नये, ही नॉर्थ कॅरोलायनाच्या त्या डोंगरांतली जुनी रीत. ओडेसा दातांच्या डॉक्टरकडून परतली, तेव्हा ओकांच्या सावलीतला तिचा तुकडाही कबरींइतकाच लख्ख झाला होता. उघडी माती, तिच्यावर दंताळ्याच्या सरळ रेघा. चर्चचा कारभारी व्हर्जिल घाम पुसत उभा होता. हातात गवत कापायचं यंत्र, चेहऱ्यावर पुण्य.

"ओडेसामावशी, तुमचंही उरकून टाकलं. सगळं पिवळं पडून मेलंच होतं."

"मेलं नव्हतं. झोपायला निघालं होतं."

तिथे तिने लावलेली रानफुलं ओकांना पालवी यायच्या आत आपलं ऊन खाऊन घेतात आणि मे महिन्यात मातीखाली जातात. निळ्या घंटाफुलांची पानं तशी पिवळी होऊन आडवी पडली होती. पण त्यांच्याखाली ट्रिलियम या दुसऱ्या रानफुलाची बासष्ट रोपं हिरवीगार होती, प्रत्येकाला तीन पानं. पलीकडच्या उतारावर सुट्टीतली घरं बांधायला रान तोडलं, त्या वर्षी तिथली शेवटची बोंडं आणून तिने पेरली होती. पहिल्या वर्षी मातीवर काही दिसत नाही. मग कितीतरी वर्षं एकच पान. सहा वर्षं ती तिथे गुडघे टेकत आली. चर्चमध्ये एवढे टेकले नव्हते. येत्या एप्रिलात पहिलं फूल यायचं होतं.

"परत उगवेल की," व्हर्जिल म्हणाला.

"तुझे पुढचे दात काढते. ते उगवतात का बघू आधी."

संध्याकाळी त्याची बायको लर्लीन बीन्सचं भांडं घेऊन आली. "मावशी, चर्चची माणसं चांगल्या मनाने आली होती हो."

"तेच तर. वाईट मनाने आली असती तर शेरीफला बोलावलं असतं."

त्या रविवारी ओडेसा दफनभूमीत गेली नाही, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. नवऱ्याच्या कबरीवर कुणीतरी प्लास्टिकचे गुलाब ठेवले. उन्हाळाभर ते कुंपणावरून दिसत राहिले, आणि कोमेजायचं काही नाव घेईनात.

एप्रिलात बासष्टांतली एकोणीस वर आली. प्रत्येकाला एकच पान.

व्हर्जिल केक घेऊन आला आणि बराच वेळ मातीकडे बघत राहिला. "आता फूल कधी?"

"चार वर्षांनी. आलं तर. मी तेव्हा ब्याऐंशीची."

"देव आयुष्य देईल, मावशी."

"तो देईल. तू ते यंत्र दे."

तो हसला. ओडेसा हसली नाही, आणि पुढे केलेला हात तिने मागे घेतला नाही.

तेव्हापासून यंत्र तिच्या ओसरीत खिळ्याला टांगलेलं आहे. मे आला की चर्चची माणसं ओढ्यापलीकडच्या मेथॉडिस्टांकडून दुसरं मागून आणतात. हे स्वतः बाप्टिस्ट; दुसऱ्या पंथापुढे हात पसरणं किती जड जातं ते त्यांचं त्यांना ठाऊक. कुंपण दहा पावलांवर आलं की माणसं ते यंत्र बंद करतात. ओडेसा ओसरीत बसून पावलं मोजते.