नीलिमाच्या पाच लढवय्या मुली

सुहासचा फोन आला तेव्हा मी अल मलाझ भागातल्या दुकानात कोथिंबीर निवडत होते. "वहिनी, नीलिमा गेली," एवढंच तो म्हणाला... कागदपत्रं झाल्यावर तो बायकोचं पार्थिव विमानाने पुण्याला घेऊन गेला. मी इथे रियाधमध्ये राहिले, माझ्या रागाबरोबर.

नीलिमा माझी शेजारीण. जादूच्या शक्तीने लढणाऱ्या मुलींच्या जपानी संगीतिका ती वेड्यासारखी बघायची. तशीच एक तिने मराठीत लिहिली. एक राणी शहरातले सगळे आवाज चोरते आणि पाच शाळकरी मुली तिच्याशी लढून ते परत आणतात. केमोथेरपी चालू असताना, डोक्याला रुमाल बांधून, तिने इथल्याच पाच मुलींकडून ती बसवून घेतली. घरी आईबापांना इंग्रजीत उत्तरं देणाऱ्या त्या मुली तिच्यासमोर मराठीत गायच्या.

प्रयोग आठवड्यावर आला आणि आमच्या इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष पेंडसे यांनी तो रद्द केला. "मुलींनी तलवारी घेऊन उड्या मारणं बरं दिसत नाही. पुढच्या वर्षी काहीतरी सात्त्विक बसवा." ती हळूच म्हणाली, "पुढच्या वर्षी मी नसेन, साहेब." ते मोबाइल बघत होते... त्यानंतर ती कधी गायली नाही.

मंडळाच्या शोकसभेत हाच माणूस म्हणाला, "नीलिमाताईंच्या कलेला मंडळाने नेहमीच प्रोत्साहन दिलं." सूत्रसंचालन मी मुद्दाम मागून घेतलं होतं. "आता मुलींची प्रार्थना," मी जाहीर केलं आणि पाचही जणी चमचमते झगे घालून मंचावर आल्या. सर्वांत पुढे पेंडशांचीच मुलगी ईरा. "बाबा रागावतील, चालेल?" असं मी तिला आधीच विचारलं होतं. "लेट हिम, आंटी," ती म्हणाली होती. राणीच्या पराभवाचं गाणं सुरू झालं. ईरा पायऱ्या उतरून पहिल्या रांगेसमोर आली, वडिलांवर तलवार रोखली आणि गायली, 'चोरलेला आवाज परत दे.' त्यांची मान खाली गेली. मला दया आली नाही. अजूनही येत नाही.

सुहास पुण्याहून परतल्यावर परवा ते त्याला भेटायला आले, तेव्हा मी तिथेच होते. मुलींनी कुठे उभं राहायचं हे कळावं म्हणून नीलिमाने दिवाणखान्याच्या फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या होत्या. सुहास त्या काढू देत नाही, केरसुणीही त्यांना वळसा घालून फिरवतो. पेंडसे सरळ सोफ्याकडे निघाले.

"त्यांच्यावर पाय देऊ नका," मी म्हणाले.

ते थांबले... आणि भिंतीला लागून, एकेक पाऊल जपत, लांबून गेले.