ओढ्यापलीकडचं गवत

तुमच्या घराच्या जागी कुणी हिरवं गवत दाखवलं आणि वर म्हणालं, "एवढं काय, हे खरं थोडंच आहे," तर तुम्ही गप्प बसाल?

आमचं गाव पारनेर तालुक्यात. यंदा जत्रेआधी सरपंचांच्या पुतण्याने गावाचं आभासी रूप तयार केलं. तो पुण्यात कंप्युटरचं काम करतो. डोळ्यांवर जाड गॉगल चढवला की आपण गावात उभे, मान वळवू तसं गाव वळतं. शाळेत हा गॉगल सगळ्यांना बघायला ठेवला होता. पुढे मुलांना गावाची ओळख त्यातूनच करून द्यायची, असं ठरलं होतं.

आईने गॉगल घातला. देऊळ, पार, पाण्याची टाकी. खुर्चीत बसूनच ती पाय हलवत होती. ओढ्यापाशी थांबली. "अगं, आपली वस्ती कुठंय? नुसतं गवत हाय. विहारबी न्हाई."

पुतण्या हसला. "मावशी, कॅमेरा छबिन्याच्या वाटेनं फिरवला. पालखी जाते तिथवर. पुढचं कंप्युटरनं आपोआप भरलंय."

पालखी ओढा ओलांडत नाही. आमच्या माणसांनी धम्म स्वीकारला त्याच्या कितीतरी आधीपासून नाही. आम्ही तिची वाटही बघत नाही. पण गाव कुठं संपतं, हे तिनं ठरवायचं? पोराच्या मनात वाईट नव्हतं. ती वाट म्हणजेच अख्खं गाव, असं त्याला सहज वाटलं. मला राग आला तो त्या सहज वाटण्याचाच.

"ताई, चिडतेस काय?" तो मला म्हणाला. "तुमची घरं आहेत की जागेवर. हा नुसता देखावा."

"देखावाच ना?" मी म्हणाले. "मग देऊळ काढ आणि तिथं गवत लाव."

मागून कुणीतरी ओरडलं, "ए, देवळाचं नाव काढायचं न्हाई हां!"

"का? खरं थोडंच आहे?"



मी विहारात वाटलेल्या पत्रकांवर वाचायला शिकले. पत्रकात कुणी राहत नाही, तरी ते वाचून माणसं उठून उभी राहतात. गॉगलमधल्या घराचंही तसंच. ते पाऊस अडवणार नाही, तसा दावाही नाही. पण ते कुणीतरी बनवलेलं असतं, सगळ्यांना एकाच जागी दिसतं आणि काढलं तर झोंबतं. आपला शेजार कुठवर, हे ते पोरांना शिकवतं. एवढं करणाऱ्या वस्तूला मी खोटी म्हणणार नाही. ती वेगळ्या जातीची वस्तू आहे, इतकंच. आणि तीही कुणाच्या तरी हातात असते.

"पुढच्या वर्षी बघू," पुतण्या म्हणाला.

"पुढच्या वर्षी कशाला? उचल तुझा कॅमेरा," आई म्हणाली. "च्या आमच्याकडं घे."

बूट हातात धरून तो ओढा ओलांडून आला. आता गॉगलमध्ये आमची घरं आहेत, विहार आहे. उपकार कुणाचेच नाहीत.

तुमच्या गावात असा गॉगल आला, तर तो आधी सगळ्यात टोकाच्या घरातल्या बाईला घालायला द्या. ती काय म्हणते ते ऐका, आणि ते दुरुस्त होईपर्यंत तिच्या बाजूने उभे राहा.