आवाजावर सुटायचं

उभ्या माणसाकडे आमच्या व्याह्यांइतक्या संशयानं पाहणारा दुसरा गृहस्थ अख्ख्या रायगड जिल्ह्यात नसेल. माणूस पळत असला तर तो त्यांच्या दृष्टीनं सज्जन, चालत असला तर सुधारण्याजोगा, आणि उभा असला तर त्याच्यात काहीतरी बिघाड आहे, असा त्यांचा सरळ हिशेब. पेणच्या एका कॉलेजात त्यांनी नोकरीची सगळी वर्षं जिमखाना सांभाळला. घर रोह्याजवळ वरश्याला, मैदान पेणला. त्यामुळे पहाटेची पहिली एसटी आणि ते अशी जोडी लागलेली. मी राहतो पेणच्याच रामवाडीत, मैदानापासून हाकेच्या अंतरावर. म्हणून माझी मुलगी त्यांच्या घरी दिल्यापासून त्यांचा पहिला चहा आमच्या ओट्यावर होऊ लागला. ते चहा पितात तो ऐकण्यासारखा असतो. 'स्स्स' असा लांब श्वास ओढून घोट घेतात. माझी बायको आतून म्हणते, "व्याही आले, सोड्याची बाटली उघडली वाटतं."

मुलगी बघायला आले तेव्हा त्यांनी शिक्षण, स्वयंपाक, पत्रिका यांतलं काही विचारलं नाही. "शाळेत कुठल्या शर्यतीत होतीस?" एवढंच विचारलं. मुलगी बिचारी घाबरून म्हणाली, "लिंबू-चमचा." व्याह्यांनी डोळे मिटून विचार केला आणि मुलाच्या आईकडे वळून म्हणाले, "तोल चांगला असेल. हो म्हणू या." लग्नात पंगतीच्या जागी सकाळीच येऊन त्यांनी मैदानावर मारतात तशा फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या आणि वाढप्यांना एकेक लेन नेमून दिली. भातवाला वरणवाल्याच्या लेनमध्ये शिरला की लांबून शिट्टी. नवरा-नवरी होमाभोवती फेरे घेत होते तेव्हा सगळे अक्षता घेऊन गंभीर उभे, आणि हे मुलाला ओरडून सांगताहेत, "अरे, आतून घे वळण, आतून! उगाच जास्तीचं अंतर कशाला कापतोस?" भटजींनाही पटलं असावं, कारण उरलेले फेरे झपाट्यानं झाले.

कॉलेजात पोरं मैदानावर येतात ती बहुतेक परीक्षेत मिळणाऱ्या वाढीव क्रीडागुणांसाठी, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून आपले धावपटू ते एसटी स्टँडवर शोधत. सुटलेली गाडी जो पळत पकडील तो त्यांचा. गाडी वेळेच्या किंचित आधी काढा, असं ते ड्रायव्हरला सांगून ठेवत, असा प्रवाद आहे. मी विचारलं तेव्हा ते नुसते हसले. दर्शना त्यांना अशीच सापडली. खाडीकडच्या गावातली, घरचे मिठागरावर कामाला. एका हातात डबा, दुसऱ्या हातात चपला घेऊन ती गाडीमागे धावली आणि खिडकीशी बरोबरी करून कंडक्टरला म्हणाली, "थांबवताव का आता, का पेणपर्यंत अशीच येऊ?" व्याही आत बसले होते. त्यांनी तिला तिकिटाआधी शंभर मीटरमध्ये नाव घालायला लावलं.

दर्शना दुसऱ्या वर्षाला असताना व्याह्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष आलं. इतक्या वर्षांत त्यांच्या कॉलेजची एकही मुलगी झोनल स्पर्धेतून पुढे विद्यापीठाच्या स्पर्धेपर्यंत पोचली नव्हती. झोनलला पहिल्या दोघींत आलं तरच पुढची वाट. या खेपेला दर्शना नक्की जाणार, असं आसपासच्या कॉलेजांचे जिमखान्याचे सरसुद्धा म्हणत होते. स्पर्धा पेणलाच होती. त्या दिवशी नेमलेला स्टार्टर आलाच नाही, तेव्हा सगळ्यांनी पिस्तूल व्याह्यांच्या हातात दिलं. त्यांनी आढेवेढे घेतले. "माझ्या कॉलेजची मुलगी आहे त्यात." तर सगळे म्हणाले, "सर, तुमच्यावर कोण संशय घेणार?" ते खरंही होतं. त्यांनी स्वतःच्या मुलालाही एकदा लेन सोडली म्हणून बाद केलं होतं.

मी दोरीच्या बाहेर उभा होतो. मुली ओणवल्या. व्याही "सेट" म्हणाले. मैदान चिडीचूप झालं. आणि दर्शना सुटली. त्यानंतर पिस्तूल वाजलं.

नियम असा की आवाजाआधी सुटलेला बाद, दुसरी संधी नाही. व्याह्यांनी क्षणभरही न थांबता लाल कार्ड तिच्यासमोर धरलं. ती रडली नाही. नुसती गोंधळून म्हणाली, "पण सर, तुम्ही श्वास घेतलाव ना! रोज तसंच सुटतो की आपण."

व्याह्यांचा हात तसाच वर राहिला. रोज सकाळी सरावाला ते बिजागरीच्या दोन फळ्या आपटून पोरांना सोडत, आणि आपटायच्या आधी, चहाच्या घोटाला ओढतात तसाच, 'स्स्स' करून श्वास ओढत. पोरं आवाजाची वाट बघतच नव्हती, श्वासावर सुटत होती. सगळीच तशी सुटत, म्हणून मैदानावर कुणाला फरक कळला नव्हता. श्वास घेणाऱ्याला तर नाहीच.

ते तडक मुख्य पंचांकडे गेले. "चूक स्टार्टरची आहे. स्टार्टरमुळे गोंधळ झाला तर कुणालाच बाद करत नाहीत. सगळ्यांना परत उभं करा." पंच त्यांचेच जुने स्नेही. ते हळूच म्हणाले, "सर, पोरगी तुमची, चूक तुमची, आणि सूट मागताय तुम्हीच. लोक काय म्हणतील?" मागून दुसऱ्या कॉलेजचा एक जण बोललाच, "शेवटच्या वर्षाला सरांचापण जीव अडकला." जन्मभर कुणाची बाजू न घेणाऱ्या माणसानं एकदाच खरं सांगितलं, आणि नेमकी तीच बाजू घेतल्यासारखी दिसली. त्यांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं. शर्यत दुसऱ्यानं सोडली. दर्शना दोरीबाहेर माझ्याशेजारी बसून ती बघत होती.

आठवडाभर ते चहाला आले नाहीत. मग एका पहाटे त्या दोन फळ्या काखोटीला मारून हजर. "व्याहीबुवा, तिचं अजून एक वर्ष आहे. आता फळ्या तुम्ही वाजवायच्या."

"मी? मी पतपेढीत आकडे तपासणारा माणूस!"

"म्हणूनच. तुमच्या हाताला काहीच सवय नाही."

उन्हाळ्यात ते निवृत्त झाले तरी पहिल्या एसटीची सवय सुटली नाही. ते पार अंतिम रेषेशी उभे राहायचे, श्वास ऐकू येणार नाही इतके लांब. मी फळ्या वाजवायचो. थोड्याच दिवसांत दर्शनानं मलाही पकडलं. "काका, तुम्ही मनात तीन मोजताव नि वाजवताव. मी पण मोजते." मला घाम फुटला. त्यानंतर मी मोजणं सोडून दिलं आणि बांधावरचा बगळा मान हलवील तेव्हा वाजवू लागलो. बगळ्याचा तिला काही सुगावा लागला नाही. ती आवाजाची वाट बघायला शिकली. सोपं नव्हतं ते. कधी सगळ्यांच्या मागून सुटायची, कधी चिडून रेषेवरच बसायची. "नाय जमत, काका." लांबून व्याही नुसता हात वर करायचे. परत एकदा.

पुढच्या हिवाळ्यात झोनल झाली. या वेळी व्याही दोरीबाहेर, माझ्या शेजारी. ऐन वेळी त्यांनी मैदानाकडे पाठ केली आणि रुमालानं नाक-तोंड दाबून धरलं. पिस्तूल वाजलं.

"कशी सुटली?"

"आवाजावर."

त्यांनी मान हलवली. नंबर विचारला नाही. तो तीच सांगत आली, धापा टाकत. "सर, दुसरी आले! जायचं आता विद्यापीठाला!" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, तो पिस्तूलवाला लय लवकर वाजवतो. तुमच्यासारखा रडवत नाय."

विद्यापीठाचं शिबिर लागलं. तिला शिकवायला तिथे दुसरी माणसं होती. पेणच्या कॉलेजातही नवे सर आले, तरुण, मोबाइलवर वेळ घेणारे. आता व्याह्यांना पेणला येण्याचं काही कारण उरलं नव्हतं. तरी सोमवारी पहाटे ते ओट्यावर दिसले. ओशाळून म्हणाले, "गाडी आली समोर. बसलो."

चहा झाला. सवयीनं फळ्या काखोटीला मारून मी निघालो आणि आम्ही बोलत बोलत मैदानावर गेलो. कुणीच नव्हतं. बराच वेळ ते रेषेपाशी घुटमळले, मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "एकदा माझ्यासाठी वाजवता?" आणि माझ्या उत्तराआधीच ओणवे झाले. गुडघ्यांचा आवाज मला ऐकू आला. मी फळ्या उघडल्या, थांबलो, वाजवल्या.

ते चांगले सुटले. अर्ध्यापर्यंत पळाले, पुढे चालले, पण शेवटची रेषा ओलांडूनच थांबले. मी जवळ गेलो तेव्हा कमरेवर हात ठेवून उभे होते, चेहरा लाल, डोळे ओले, बहुधा घामानं.

"किती वेळ लागला?"

"घड्याळ लावायचं राहिलं."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि पुष्कळ वेळ तिथेच उभे राहिले.