परत आलेला खण

आमचं गाव कळसूबाईच्या पायथ्याचं. नवरात्रात डोंगर चढून देवीची ओटी भरायची, हे आमच्या हाडातच आहे. त्यामुळं धाकटी नात हिमालयातलं एक शिखर चढायला निघाली, तेव्हा मी तिच्या सॅकमध्ये हिरवा खण घातला. म्हटलं, तिथंही कुणी बाई बसलेली असेलच.

महिन्यानं ती परतली आणि खण माझ्या हातात ठेवला. घडीसुद्धा मोडली नव्हती.

"वर गेलेच न्हाई, आज्जी. शिखर समोर दिसत हुतं. पण हिमनदीवर ताजा बर्फ पडला, त्यात भेगा झाकून गेल्या. पाय कुठं टाकावा ते कळंना, मग आमी सगळेच माघारी फिरलो."

शेजारीण चहाला आलेली. म्हणाली, "एवढं लांब जाऊन नुसतं बघून आली व्हय?"

पोरीचा चेहरा पडला. आता ही पुन्हा डोंगराचं नाव काढते की नाही, याची मला धास्ती.

मी शेजारणीला म्हटलं, "तू नवरात्रात कळसूबाईच्या दुसऱ्या शिडीवरनं ढग बघून फिरलीस, तवा देवी रुसली का? दोन दिसांनी गेलीसच की."

शेजारीण हसली, मग नातही. हळूहळू ती हिमनदीचं सांगायला लागली. बर्फ आतून निळा असतो म्हणे, आणि ऊन तापलं की खालून पाणी वाहताना ऐकू येतं.

खण मी तिच्या सॅकमध्येच परत घातला. परवा सकाळी बघते, तर खुंटीवर सॅक नाही. बाईसाहेब पाण्याच्या बाटल्यांचं ओझं घेऊन, पुढच्या खेपेच्या सरावाला, कळसूबाई चढायला गेल्या होत्या.