तेलाचा जाड थर

उष्णतेवर आमच्या मावसांइतका संशय घेणारा माणूस अख्ख्या सुरतेत दुसरा झाला नाही. लिंबायतमधल्या त्यांच्या दोन खोल्यांत चहा आला, की आधी ते कपापासून चार बोटांवर तळवा धरत. "हात लावला नाही, तरी शेक लागला ना?" असं विचारून उत्तराची वाट बघत, तोवर चहा निवून जाई. माझ्या लग्नाच्या बोलणीला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी सोडलं नाही. पाहुणे घाबरून सगळ्यालाच हो म्हणत गेले आणि सोयरीक जुळली. त्याचं श्रेय मावसा कायम स्वतःकडे घेत.

ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते. पलसाण्याच्या रंगाई मिलमध्ये कापड रंगवायची यंत्रं तापवायला गरम तेल फिरवतात. त्या तेलातून उष्णता किती वाहते, हे मोजण्यात त्यांनी नोकरी सांभाळून अकरा वर्षं घातली. दोन पत्र्यांमध्ये तेलाचा थर, एक पत्रा तापवायचा, दुसऱ्याकडे किती पोचतं ते बघायचं. प्रबंध टाइप होऊन आला, मावशीने 'डॉ.' लिहिलेली पाटी करून आणली, आणि त्याच आठवड्यात मावसांनी सहज म्हणून थर पातळ करून पाहिला. तेल तेच, तापमान तेच, म्हणजे थर कितीही असो, तेलाचा उष्णता वाहण्याचा आकडा तोच यायला हवा होता; पण तो कमी आला. तेल काळंभोर, त्यातून उष्णतेचे किरण कसले जातात, असं ते धरून चालले होते. किरण जात होते. जाड थरात त्यांची भर जास्त पडत होती आणि ती सगळी तेलाच्या नावावर लिहिली गेली होती. गावभर शेक दाखवत हिंडणाऱ्या माणसाला घरचाच शेक दिसला नव्हता.

मी कामरेजच्या शाळेत विज्ञान शिकवतो. तरीही मीच म्हणालो, "मावसा, द्या पाठवून. कोणाला कळणार आहे?"

ते चष्मा पुसत राहिले. "कोनले नही त नही, माले त समजनं ना," म्हणाले.

त्यांनी प्रबंध पाठवलाच नाही. मावशी त्यांना नको नको ते बोलली. पातळ थरांची मोजणी त्यांनी पहिल्यापासून सुरू केली, पण ती अर्ध्यावर असतानाच निवृत्ती आली आणि प्रयोगशाळेची किल्ली परत द्यावी लागली. मागच्या वर्षी ते गेले.

परवा मावशीने भाजी निवडता निवडता विचारलं, "त्यास्नं बरोबर व्हतं का रे?"

मी हो म्हणालो. मला ते तेव्हाही माहीत होतं, हे मात्र सांगवलं नाही.

तिचे हात थांबले. "मंग मी त्यास्ले उगाच बोलनू," ती म्हणाली.