पार्वताबाईंचा गूळ आणि निळं औषध

परतवाड्याजवळच्या एका खेड्यात पार्वताबाई नावाची बाई होती. माहेर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. बापाचं गुळाचं दुकान. त्यामुळे तिच्या वरणात गूळ, भाजीत गूळ, अन् पोरगं पडून गुडघा फुटला तरी औषध गूळच.

सन अडतीसच्या सुमारास तिची सून जयवंता पोटुशी राहिली. पार्वताबाईंनी तिला सकाळी शिरा, दुपारी पुरणपोळी, संध्याकाळी गूळ-तूप असं सुरू केलं. सहावा महिना लागला अन् न्हाणीच्या मोरीत मुंग्यांची रांग लागली. पार्वताबाई खूश झाल्या. "लक्ष्मी येऊन राहिली घरात!"

जयवंताला मात्र सारखी तहान लागे, रात्री सारखं उठावं लागे. तिचा नवरा खुशालराव घाबरला अन् तिला खाचरात, म्हणजे लहान बैलगाडीत, घालून परतवाड्याला घेऊन गेला. तिथं अमरावतीच्या एका वकिलांची मुलगी, गोदावरीबाई, नवीनच डॉक्टरीण होऊन आली होती. तिनं जयवंताची लघवी निळ्या औषधात घालून उकळली. निळं पाणी पाहता पाहता विटेसारखं लाल झालं.

"साखर जाते आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गूळ, साखर, भात, आंबे बंद. ज्वारीची भाकर, पालेभाजी, वरण, ताक घ्यायचं. एकदम पोटभर नाही, थोडं थोडं पण वेळेवर. उपाशी राहायचं नाही. अन् जेवल्यावर अंगणात चालायचं."

घरी हे ऐकून पार्वताबाई भडकल्या. "पोटुशीले गूळ बंद? ते औषधच लबाड हाय. कोनाचंबी पानी लालच करत असन!"

जयवंतानं पथ्य धरलं. सासूनं भाकरीत गूळ लपवला, तर ती भाकर मुकाट्यानं बैलाला जाई. बैल तुकतुकीत दिसायला लागला.

पुढच्या खेपेला मुलगा-सुनेबरोबर पार्वताबाई स्वतः खाचरात बसल्या. पदराखाली तीन बाटल्या.

"तिन्ही सुनेच्याच हायेत," त्यांनी ठासून सांगितलं. "येक कालची, येक रातची, येक सकायची."

डॉक्टरीणबाईंनी पहिली उकळली. पाणी जरासं हिरवट झालं. "छान, पुष्कळ उतरली." दुसरी निळीची निळीच राहिली. "वा!" तिसरी मात्र विटेहून लाल झाली. त्या चक्रावल्या. "सकाळी असं काय खाल्लंत जयवंताबाई?"

"सापडली चोरी!" पार्वताबाई टाळी वाजवून उठल्या. "निळी राहिली ते आमच्या कपिलेची, गायीची! सुनेची फकस्त पहिली. तुमाले त् गाय बी ओयखता येत नाई!"

"अन् ही लाल?" डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं.

"ते माही."

मग कोपऱ्यातून फिस्स असा आवाज आला. जयवंतानं पदर तोंडात कोंबला होता, पण पोटासकट ती हसून गदगदत होती. खुशालराव छताकडे पाहत राहिला.

"आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुनेचं जे पथ्य, तेच आजपासून तुमचं."

मग घरात निराळंच राज्य आलं. सासूवर सुनेची नजर अन् सुनेवर सासूची. एकदा पार्वताबाई ज्वारीच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घालून बसलेल्या दिसल्या.

"काय शोधून राहिल्या आत्याबाई?"

"उंदीर!"

"तो म्या सकायीच बाहीर काढला. चांगला शेरभर होता, पिवया."

डोहाळजेवणाला शेजारणी लाडवांचे डबे घेऊन आल्या, तेव्हा दारात पार्वताबाईच आडव्या उभ्या. "मले भेटत नाई, त् इले काहून भेटन?" डबे परत गेले. पंगतीला भाकर, वांग्याची भाजी, अंबाडी अन् ताक. मैनाबाई शेजारीण कुरकुरली, "हे डोहाळजेवन हाय का वावरातली न्याहारी?" पण भाकरी मात्र चार खाल्ल्या.

दिवस भरल्यावर जयवंताला मुलगी झाली. सुबक, खणखणीत आवाजाची. नाव जमुना ठेवलं. काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी दोघींची तपासणी केली. जयवंताचं पाणी स्वच्छ निळं निघालं. पार्वताबाईंचं पुन्हा लालच.

"जयवंताबाई, तुम्हाला आता सगळं चालेल, बेतानं. आजी, तुम्ही पथ्य सोडायचं नाही."

पार्वताबाईंचा विश्वासच बसेना. "असं कसं? इनं येक पोरगी जनली, त् इची साखर गेली. म्या पाच जनले, माही काहून नाई गेली?"

घरी जाताना त्या सबंध रस्ता बैलाशी बोलत होत्या. "लेकरू इले, गूळबी इले, अन् भाकर मले!"